फोन नाही, लॅपटॉप नाही: पासवर्डची तिजोरी कशाने उघडाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चार वर्षांपासून क्लाउडवरचा पासवर्ड मॅनेजर वापरतोय. साडेतीनशेच्या वर नोंदी झाल्यात. बँक, ईमेल, टू-फॅक्टरचे कोड, सगळं त्यातच. उद्या खातं लॉक झालं किंवा कंपनीनेच गाशा गुंडाळला तर? दर महिन्याला सीएसव्ही काढून पेन ड्राइव्हवर ठेवली तर पुरेल का? आणि ती फाइल कुलूपबंद केली, तर त्या कुलपाचा पासवर्ड कुठे ठेवायचा?"

नवख्यांसाठी आधी दोन शब्द: पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डमागे कुलूपबंद ठेवणारी तिजोरी, टू-फॅक्टर म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड, आणि सीएसव्ही म्हणजे सगळ्या नोंदींची साधी, उघडी तक्त्याची फाइल. प्रश्नातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता विचारलंय, पण गाडी नेमकी तिथेच अडते. फाइल कुठे ठेवायची याची दहा उत्तरं मिळतील. ती फाइल ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तुमच्या हातात काय असेल, हे मात्र फार थोडे जण बघतात. सर्व्हर आणि बॅकअप सांभाळायचं काम मी वीस वर्षं करतोय. प्रत नव्हती म्हणून डेटा गेलेले लोक मी पाहिलेत, आणि प्रत होती पण उघडता आली नाही म्हणून गेलेलेही पाहिलेत. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त हळहळतात, कारण त्यांनी मेहनत केलेली असते. म्हणून मी उलट्या टोकाने सुरू करतो.

समजा, एका सकाळी तुमच्याकडे फोन नाही आणि लॅपटॉपही नाही. चोरी, आग, पूर, काहीही धरा. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकासमोर बसला आहात. पासवर्ड मॅनेजरचं पान उघडलंत, मास्टर पासवर्ड आठवतोय, टाकलात. पुढे तो टू-फॅक्टरचा कोड मागतो. कोड फोनमधल्या ॲपमध्ये होता. बरं, टू-फॅक्टर लावलंच नव्हतं असं धरू. बिटवॉर्डनसारखी पासवर्ड मॅनेजर सेवा २०२५ पासून अशा खात्यांनाही नव्या उपकरणावरून शिरताना ईमेलवर कोड पाठवते. ईमेल उघडायला गेलात, तर त्याचा पासवर्ड तिजोरीत. क्लाउडवर बॅकअप ठेवला होता? त्याचाही पासवर्ड तिजोरीत. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं, अशी ही गत.

मोठमोठ्यांचीही हीच गत होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं नेटवर्क सुमारे सहा तास कोसळलं, तेव्हा ते दुरुस्त करायची त्यांची अंतर्गत साधनंही त्याच कोसळलेल्या नेटवर्कवर अवलंबून होती. माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. तुमच्याकडे डेटा सेंटर नाही, पण गाठ तीच आहे: जे उघडायचं आहे, त्याची किल्ली त्याच्यावरच अवलंबून असता कामा नये.

ही गाठ सोडवायला सॉफ्टवेअर लागत नाही, कागद लागतो. "पासवर्ड कधीही लिहून ठेवू नका" हा सल्ला ऐकून ऐकून लोकांच्या अंगात इतका भिनलाय की इथे हमखास भुवया उंचावतात. पण धोका कुणापासून आहे ते बघा. तुमच्या तिजोरीवर टपलेला माणूस बहुधा हजारो किलोमीटर दूर बसलेला असतो. तुमच्या कपाटातला कागद त्याला दिसत नाही. घरात शिरणारा भुरटा चोर लॅपटॉप आणि दागिने बघतो, कागदपत्रांच्या फाइलीत मधेच घातलेला एक लिफाफा बघत बसत नाही. ज्यांच्या घरातलंच कुणी त्यांच्यावर पाळत ठेवून आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी हा कागद घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा.

कागदावर काय हवं? खातं ज्या ईमेलवर आहे तो पत्ता. मास्टर पासवर्ड. पासवर्ड मॅनेजरच्या टू-फॅक्टरचा रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायचा राखीव कोड. हा बहुतेकांनी "नंतर बघू" म्हणून कधी उतरवलेलाच नसतो, आज उतरवा. मुख्य ईमेलचा पासवर्ड आणि त्याचेही रिकव्हरी कोड. फोनचा पिन. वनपासवर्ड हा मॅनेजर वापरत असाल तर त्यांची सीक्रेट की: अक्षरं-आकडे मिळून ३४ चिन्हं, आणि नव्या उपकरणावर मास्टर पासवर्डच्या जोडीला ती लागतेच. ते लोक "इमर्जन्सी किट" नावाची पीडीएफ देतात, ती छापून ठेवायलाच दिलेली असते. ती लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये पडून असेल तर तिचा उपयोग शून्य, धोका पूर्ण. आणि शेवटी, बॅकअप फाइलचा पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच: कुलपाचा पासवर्ड इथे, कागदावर.

हाताने, बॉलपेनने लिहा. इंकजेटची छपाई पाण्याच्या एका थेंबाने पसरू शकते, आणि पावत्यांचा थर्मल कागद दोन-तीन वर्षांत कोरा होऊ शकतो. हस्ताक्षरात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांचा घोळ होतो, म्हणून चिन्हांच्या खिचडीपेक्षा शब्दांचा पासफ्रेज बरा. दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. पासवर्ड अर्धा-अर्धा फाडून दोघांकडे देण्याची युक्ती काही जण सुचवतात. तसं करू नका. एक अर्धा फुटला की उरलेला अर्धा ओळखणं फारच सोपं होतं, आणि एक अर्धा हरवला की सगळंच गेलं. हे काम नीट करायची पद्धत अदी शमीर यांनी १९७९ साली मांडली आहे. तिच्यात, उदाहरणार्थ, पाचांपैकी कुठलेही तीन तुकडे पुरतात आणि दोन तुकड्यांतून काहीच कळत नाही. गणित सुंदर आहे. पण घरच्या वापरात मी ते सुचवत नाही, कारण तुकडे जोडणारं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी शोधत बसायची वेळ तुमच्या घरच्यांवर येईल.

एक आडवळण, पण आपल्या भाषेतल्या लोकांसाठी कामाचं. मास्टर पासवर्ड किंवा बॅकअपचा पासफ्रेज देवनागरीत ठेवायचा मोह होतो. इंग्रजी यादीत सापडणार नाही, असं वाटतं. नका ठेवू. परक्या संगणकावर मराठी कीबोर्ड नसतो, ही एक अडचण. दुसरी जास्त छुपी आहे: तेच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र काही कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहितात, काही 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे पासवर्ड. मराठी शब्द हवेच असतील तर ते रोमन लिपीत लिहा.

आता बॅकअपकडे. आधी एक गैरसमज बाजूला करू: फोन, लॅपटॉप आणि ब्राउझर, तिन्हीकडे तिजोरी दिसते म्हणून तुमच्याकडे तीन प्रती आहेत असं नाही. ते एकाच प्रतीचे तीन आरसे आहेत. एकीकडे नोंद पुसलीत की तिन्हीकडून जाते. कचरापेटीत ती ठरावीक दिवस राहते, बिटवॉर्डनमध्ये ३० दिवस. तुम्हाला ती चूक एकतिसाव्या दिवशी लक्षात आली तर संपलं. आणि कंपनीने तुम्हाला लॉगआउट केलं, तर अनेक ॲप्स उपकरणावरची स्थानिक प्रतही पुसून टाकतात.

तेव्हा एक्सपोर्ट, म्हणजे नोंदी फाइलमध्ये बाहेर काढणं, हवाच. पण सीएसव्ही नको, आणि ती उघडी फाइल असते एवढंच त्याचं कारण नाही. तिच्यात सगळं मावत नाही. बिटवॉर्डनच्या सीएसव्हीत फक्त लॉगिन आणि नोट्स येतात. कार्डं आणि ओळखीची माहिती गळते. बाकीच्यांच्या सीएसव्हीतही काय येतं आणि काय सुटतं ते वेगवेगळं. त्यावर कुणी ती फाइल "बघू तरी" म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की आगीतून फुफाट्यात. एक्सेल १५ अंकांपलीकडचे आकडे नेमके धरत नाही, त्यामुळे १६ आकडी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यं उडतात. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड त्याला सूत्र वाटतो. आणि मराठीत लिहिलेल्या नोट्स कित्येकदा अगम्य चिन्हांच्या रांगा होऊन बसतात. फाइल जागेवर असते, उघडतेही, आणि आतला माल कुजलेला असतो.

जेसॉन या फाइल प्रकारात काढा. तुमचा मॅनेजर एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, एक्सपोर्ट देत असेल तर तोच घ्या, पण इथे एक खाच आहे जिच्यात भलेभले पडतात. बिटवॉर्डनमध्ये एन्क्रिप्टेड जेसॉनचे दोन प्रकार आहेत. एक खात्याशी बांधलेला: तो त्याच खात्यात परत घेता येतो, आणि मधल्या काळात तुम्ही खात्याची एन्क्रिप्शन की बदललीत तर त्या खात्यातही नाही. दुसरा पासवर्डने संरक्षित: तुम्ही दिलेल्या पासवर्डने तो कुठल्याही खात्यात घेता येतो. तुम्हाला भीती कशाची आहे? खातंच जाण्याची. मग खात्याशी बांधलेली प्रत घेऊन काय करणार? दुसरा प्रकारच निवडा. कीपासएक्ससी हे ऑफलाइन चालणारं मोफत सॉफ्टवेअर हा पासवर्डवाला जेसॉन थेट उघडतं, म्हणजे कंपनी उद्या नाहीशी झाली तरी तुमच्या नोंदी वाचायला तिची गरज पडत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

एक्सपोर्टमध्ये काय येत नाही तेही बघून ठेवा. कचरापेटीतल्या नोंदी येत नाहीत. घरच्यांबरोबर शेअर केलेल्या सामायिक तिजोरीतल्या नोंदी बिटवॉर्डनच्या वैयक्तिक एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. अटॅचमेंट जेसॉनमध्ये नसतात. अटॅचमेंटसकट झिप काढायची सोय अलीकडे आली आहे, पण ती झिप उघडी असते. वनपासवर्डचा स्वतःचा एक्सपोर्ट प्रकारही, कागदपत्रांसकट, उघडाच असतो. पासकींचं, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेल्या डिजिटल किल्ल्यांचं, तर अजून प्रत्येक ठिकाणी वेगळं गणित आहे. ज्या महत्त्वाच्या खात्यांवर पासकी लावली आहे, तिथे आत शिरायचा दुसरा एखादा रस्ता, रिकव्हरी कोड किंवा वेगळ्या उपकरणावरची दुसरी पासकी, चालू ठेवा, एवढंच सांगतो.

उघडा एक्सपोर्ट काढावाच लागला, तर तो डिस्कवर कुठे उतरतो याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ब्राउझर तो गुपचूप डाउनलोड्समध्ये टाकतो. कित्येकांच्या संगणकावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप क्लाउडवर चढत असतात. फाइल तिकडे हलवून दोन मिनिटांत पुसलीत तरी तोवर ती वर जाऊन तिथल्या कचरापेटीत पडलेली असते. आणि "पुसून त्यावर दुसरं काही लिहून टाकू" हा जुना उपाय एसएसडी आणि पेन ड्राइव्हवर चालत नाही. सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून त्यांचा कंट्रोलर नवं लिखाण प्रत्येक वेळी दुसऱ्याच कप्प्यात करतो. तुम्ही शंभरदा लिहिलंत तरी मूळ कप्पा तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून उघडी फाइल साध्या डिस्कवर उतरूच देऊ नका. व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने एक छोटा कंटेनर, म्हणजे कुलूपबंद डबा, बनवा, तो उघडून ठेवा, ब्राउझरला "कुठे सेव्ह करू ते दर वेळी विचार" असं सांगा, आणि फाइल थेट त्या कंटेनरमध्ये उतरवा. लिनक्सवाल्यांना रॅममधली तात्पुरती जागा वापरता येते, संगणक बंद केला की ती गेली. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणं हे तर आजच्या काळात गृहीतच धरतो.

व्हेराक्रिप्ट जड वाटत असेल तर सेव्हन-झिप हे फाइली आवळणारं सॉफ्टवेअर चालेल, पण त्याच्या स्वतःच्या सेव्हन-झेड प्रकारात, एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन लावून, आणि फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करायच्या चौकटीवर खूण करून. झिप प्रकार निवडलात तर तो मुकाट्याने जुनी झिपक्रिप्टो पद्धत लावतो. ती फोडायचा मार्ग बिहॅम आणि कोचर यांनी १९९४ सालीच दाखवून दिला आहे.

पासफ्रेज किती भक्कम हवा, याचं उत्तर २०२२ साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजरकडे झालेल्या चोरीत आहे. त्या चोरांनी ग्राहकांच्या खात्यांत लॉगिन केलं नाही. त्यांनी क्लाउडवर ठेवलेले ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअप उचलले. हा मुद्दा लोकांच्या नजरेतून निसटतो: फुटलं ते बॅकअपचं कपाट. चालू सेवेवर दहा चुकीचे पासवर्ड टाकलेत की ती तुम्हाला थांबवते. चोरलेल्या फाइलीला थांबवणारं कुणी नसतं. ती हातात घेऊन चोर वर्षानुवर्षं, शेकडो ग्राफिक कार्डं लावून अंदाज करत बसू शकतो. प्रत्येक अंदाज महाग करण्यासाठी पासवर्ड हजारो वेळा घुसळून मग त्याची किल्ली बनवतात. लास्टपासचं तेव्हाचं प्रमाण १,००,१०० फेऱ्यांचं होतं, पण काही जुनी खाती ५,००० किंवा त्याहूनही कमी फेऱ्यांवर तशीच राहिली होती. त्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. आता याच पद्धतीसाठी ६ लाख फेऱ्या सांगितल्या जातात, आणि कीपास या ऑफलाइन मॅनेजरच्या नव्या फाइली आर्गॉन२ हे तंत्र वापरू शकतात. ते वेळेबरोबर मेमरीही खातं, म्हणून ग्राफिक कार्डांची तिथे दमछाक होते. पण कुठलीही घुसळण "नाव आणि जन्मसाल" छाप पासवर्डला वाचवत नाही.

माझं गृहीतक असं असतं की माझी बॅकअप फाइल एक ना एक दिवस चोराच्या हातात पडणारच. त्या हिशोबाने पासफ्रेज निवडतो: फाशांनी काढलेले सहा शब्द. ७,७७६ शब्दांच्या यादीतून पाच फासे टाकून एक शब्द निघतो, अशा सहा शब्दांच्या शक्यता दोनावर तेवीस शून्यांच्या पुढे जातात. शब्द फाशांनीच काढा. मनाने निवडलेले शब्द यादृच्छिक नसतात, कितीही वाटलं तरी. आपण सगळेच आवडत्या गोष्टींकडे सरकतो.

बॅकअपसाठी मास्टर पासवर्डच वापरावा की वेगळा? वेगळा, असं माझं ठाम मत आहे. मास्टर पासवर्ड तुम्ही कधी तरी बदलाल. जुन्या बॅकअप फाइली मात्र जुन्याच पासवर्डने बंद राहतात. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा कच्चा पासवर्ड तुम्ही आज कितीही भारी केलात, तरी दोन वर्षांपूर्वीची फाइल कच्चीच राहते. उलट बाजूनेही अडचण: ती उघडायची वेळ आली तर तेव्हाचा पासवर्ड आठवतो का? बॅकअपसाठी एकच स्वतंत्र, न बदलणारा, कागदावर लिहिलेला पासफ्रेज ठेवला की हा गुंता होत नाही. तो तिजोरीतही एक नोंद म्हणून ठेवायला हरकत नाही. रोजच्या सोयीसाठी ती नोंद, संकटासाठी कागद.

टू-फॅक्टरचे कोड तिजोरीतच ठेवता, असं तुम्ही लिहिलंय. मग बॅकअप फाइलीत पासवर्ड आणि दुसरा घटक दोन्ही एकत्र आले, हे लक्षात असू द्या. छोट्यामोठ्या खात्यांसाठी मीही तसंच करतो. मुख्य ईमेल, बँक आणि खुद्द पासवर्ड मॅनेजर या तिघांचे मात्र बाहेर ठेवतो. आणि ते वेगळ्या ॲपमध्ये असतील तर त्या ॲपचाही बॅकअप लागतो. फोन बदलताना सर्वाधिक रडारड त्यावरूनच होते.

प्रती किती आणि कुठे, हा भाग सोपा आहे, उगाच ताणत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला ३-२-१ चा हिशोब इथे चपखल बसतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. तुमची अख्खी तिजोरी, अटॅचमेंट सोडल्या तर, एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते, तेव्हा जागेची सबब चालणार नाही. एक फाइल लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर, आणि जमलं तर दुसरा पेन ड्राइव्ह कागदाच्या दुसऱ्या प्रतीच्या घरी. पण तिथे लिफाफा आणि ड्राइव्ह एकाच खणात नको. क्लाउड निवडताना ज्याचा पासवर्ड कागदावर आहे तेच खातं घ्या, नाहीतर पुन्हा पहिल्या सकाळीच जाऊन बसाल.

पेन ड्राइव्हबद्दल दोन शब्द. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू गळतो. खणात पाच वर्षं पडलेल्या ड्राइव्हवर माझा विश्वास नाही. वर्षातून एकदा तरी लावा आणि फाइल नव्याने लिहा. दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या बनावटीचे घ्या. काम झालं की काढून ठेवा. कायम लावून ठेवलेला ड्राइव्ह रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली बंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, दृष्टीने तुमच्या संगणकाचाच एक भाग असतो. फाइल उघडायला लागणारं सॉफ्टवेअरही त्यावर टाका, आणि "ही फाइल अशी उघडा" अशी चार ओळींची साधी टीप. त्या टिपेत पासफ्रेज नको, हे सांगायला नको, पण सांगतो. पाहिलंय मी.

कीपासवाल्यांसाठी: तुमची केडीबीएक्स फाइल, म्हणजे तिजोरीची फाइल, हाच तुमचा बॅकअप, नुसती कॉपी केली की झालं. फक्त एकाच नावावर कॉपी मारत बसू नका. तारखेचं नाव द्या. बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर चढली की दोन्ही गेल्या. की फाइल, म्हणजे पासवर्डच्या जोडीला किल्ली म्हणून लागणारी फाइल, वापरत असाल तर तिच्या प्रती डेटाबेसपेक्षा वेगळ्या जागी ठेवा, पण ठेवा. ती नसेल तर पासवर्ड असून उपयोग नाही. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. कुणाला संशय येऊ नये म्हणून एक फोटोच की फाइल म्हणून वापरला होता. पुढे कधी तरी फोटो बघण्याच्या ॲपमध्ये तो आडवा दिसला म्हणून सरळ केला आणि सेव्ह केला. दिसायला तोच फोटो. पण की फाइलीतला एक बिट जरी हलला तरी किल्ली बदलते. नशिबाने जुन्या मेमरी कार्डावर मूळ फोटो शिल्लक होता. तेव्हापासून सॉफ्टवेअरने बनवून दिलेलीच की फाइल वापरतो.

एवढं सगळं करूनही, जोवर तो बॅकअप एकदा उघडून पाहिला नाही तोवर तो आहे असं मी धरत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला तेव्हा त्याने हात थांबवला. बॅकअपच्या पद्धती एक सोडून पाच होत्या. बघायला गेले तर रोजचा डेटाबेस बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप काढणारं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण डिजिटल सही नसल्यामुळे ते पलीकडे नाकारले जात होते. वाचले ते एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या प्रतीमुळे. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. आणि हे त्यांनी स्वतः जाहीरपणे, तपशीलवार लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तुमची तालीम अशी करा. दुसरा संगणक घ्या, नाहीतर आपल्याच संगणकावर नवं रिकामं यूजर खातं बनवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. हातात फक्त कागद आणि पेन ड्राइव्ह. इंटरनेट बंद करून फाइल कीपासएक्ससीमध्ये उघडा. नोंदींची संख्या जुळते का बघा, साडेतीनशेच्या जागी दोनशे ऐंशी दिसल्या तर कुठे तरी काही गळलंय. मग पाच नोंदी तपासा: सर्वांत जुनी, सर्वांत नवी, टू-फॅक्टरचा कोड असलेली, मराठीत नोट लिहिलेली आणि सामायिक तिजोरीतली. कोड तयार होतोय का, आणि शेवटी फोन आणून तो त्यावरच्या कोडशी जुळतोय का, तेही पाहा. पहिल्या तालमीत बहुतेकांचं काही ना काही अडतं. माझं पहिल्यांदा अडलं तेव्हा व्हेराक्रिप्टच्या कंटेनरचा पासफ्रेज तिजोरीतच सापडला, म्हणजे सापडला असता. तालीम झाली की ते तात्पुरतं खातं काढून टाका.

दर महिन्याला काढू का, असं विचारलंत. तारखेपेक्षा प्रसंग धरा. मुख्य ईमेल किंवा बँकेचा पासवर्ड बदलला, नवं महत्त्वाचं खातं उघडलं, फोन बदलला, की त्याच दिवशी नवी प्रत. बाकी तीन महिन्यांतून एकदा पुरे, आणि तालीम वर्षातून एकदा. शेवटच्या चार प्रती ठेवा, त्याआधीच्या काढून टाका. पासवर्ड न बदललेली खाती जुन्या प्रतीतूनही तितकीच उघडी पडतात. घरच्यांसाठी बिटवॉर्डनसारख्या सेवांत आणीबाणीच्या प्रवेशाची सोय आहे, तुम्ही ठरवलेले दिवस थांबल्यावर ती त्या व्यक्तीला तिजोरी दाखवते. पण कंपनीच गेली तर ती सोयही गेली, म्हणून लिफाफा कुठे आहे हे घरात एकाला तरी ठाऊक असू द्या.

जाता जाता एक काम आजच करा. चार वर्षांपूर्वी ब्राउझरमधून या पासवर्ड मॅनेजरमध्ये आलात, तेव्हा नोंदी कशाने आणल्या होत्या? बहुधा सीएसव्हीने. संगणकावर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, क्लाउडवर आणि स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमध्ये ".csv" आणि "password" शोधा. ती फाइल सापडली तर पुसा, कचरापेटीही रिकामी करा. क्लाउडवर किंवा ईमेलमध्ये सापडली, तर तेव्हापासून न बदललेले पासवर्ड बदलायला घ्या, सुरुवात ईमेलपासून.